दुसरी चानक

तुमच्या तेराव्याला तळ्याचे मामा आले होते. जेवण झालं, हात धुतला, पडवीत टेकून बसले आणि मला म्हणाले, “झालं ते झालं. पण एक सांग, त्याने नोकरी सोडली की त्याला काढला?” पडवीत आणखी चार माणसं होती. त्यांच्या हातातले अडकित्ते थांबले.

मी आत निघून गेले. उत्तर नव्हतं म्हणून नव्हे. उत्तर लांबलचक होतं आणि ते मामांना नको होतं. आपण श्रीवर्धनला परत आलो त्या दिवसापासून हा प्रश्न गावात फिरतोय. देवळात, विहिरीवर, बंदराच्या वाटेवर. तुम्ही कधी कुणाला उत्तर दिलं नाहीत. “वाटू दे त्यांना वाटायचं ते,” म्हणायचात आणि वाडीत जाऊन बसायचात. आता तुम्ही गेलात आणि ते सगळं माझ्या एकटीपाशी राहिलंय. म्हणून तुमच्याशीच बोलते.

मी मुरुडची. समुद्राचा आवाज नाही अशा गावात माणसं झोपतात कशी, हे मला तुमच्याबरोबर बिहारात येईपर्यंत ठाऊक नव्हतं. तिकडे सकाळी दोरीवर टाकलेलं पांढरं लुगडं संध्याकाळी करडं होऊन उतरायचं. पहिल्या उन्हाळ्यात मी रोज रडत असे. तुम्ही सर्व्हेअर होतात, खाणीच्या पोटातल्या वाटा मोजून त्यांचे नकाशे करायचं तुमचं काम. घरी आलात की तुमच्या पापण्यांना सुद्धा कोळसा असायचा. माझं रडणं बघून तुम्ही समजूत घालत नसा. “चल, तुला दाखवतो,” म्हणून मला टेकडीवर नेत असा आणि कुठल्या झाडाखाली जमिनीत कोणती वाट जाते ते बोटाने काढून दाखवत असा. पायाखाली एवढी माणसं चालतायत हे ऐकून मला टेकडीवर पाय ठेववेना.

मग एका संध्याकाळी तुम्ही पेढे घेऊन आलात. मला वाटलं, पगार वाढला. तसं नव्हतं. आगगाडीच्या कंपनीची मुदत संपली होती, सरकारने आगगाडी स्वतःकडे घेतली होती आणि तिच्याबरोबर तिची कोळशाची खाणही सरकारची झाली होती. तुम्ही चाळीतल्या प्रत्येक घरी पेढे वाटलेत. मी विचारलं, मालक बदलला यात आनंद कसला? तेव्हा तुम्ही बूटही न काढता पायरीवर बसलात आणि मला समजावलंत. शेठला दर वर्षी नफा काढून न्यायचा असतो, सरकारला आगगाडी चालवायची असते. खाणीत आधी पैसा घालावा लागतो आणि कोळसा पुष्कळ वर्षांनी येतो. पंखे हवेत, पंप हवेत, कोळसा काढून झालेल्या पोकळीत वाळूची भरणी हवी. आणि सगळ्यात आधी दुसरी चानक हवी. खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीला तिकडे चानक म्हणत. आपल्या खाणीला ती एकच होती. आत जायला तीच, बाहेर यायला तीच.

“माझे बाबा म्हणायचे, सुपारी लावणारा आणि सुपारी काढणारा एक असेलच असं नाही,” तुम्ही म्हणालात. “शेठ सुपारी लावत नाही. सरकार लावील.”

तुमचा चेहरा तेव्हा इतका उजळला होता की मला पुढे बोलवेना. पण मनात आलं ते आलंच, आणि दुसऱ्या दिवशी मी विचारलं, सरकार म्हणजे नक्की कोण? आपला तिथला वाद त्या दिवशी सुरू झाला.

पहिली काही वर्षं तुमचंच खरं झालं, हे मला कबूल आहे. विजेचे दिवे आले. नवा पंप आला, त्याचं पाणी नळाने आपल्या दारापर्यंत आलं. दुसरी चानक खणायला घेतली. वाफेचा रहाट बसला, माती वर येऊ लागली, आतून विटांचं गोल बांधकाम चढू लागलं. रविवारी दुसरी माणसं बाजारात जात, तुम्ही आपल्या लहानग्या कुसुमला खांद्यावर घेऊन चानक किती खोल गेली ते बघायला जात असा. ती पोर लहानपणी बाहुलीला पण विटांची चानक बांधायची.

त्या नळामुळेच बुधनी आपल्या दारात आली. संथाळांची बाई, माझ्याच वयाची. तिचा नवरा मंगल खाली कोळसा तोडायचा आणि ती टोपलीने तो डब्यात भरायची. चानकीत दोराने सोडायच्या पिंजऱ्याला डोली म्हणत, नवरा-बायको दोघं एकाच डोलीतून खाली उतरायची. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची येत नव्हती, दोघींची हिंदी सारखीच मोडकी. श्रीवर्धनहून नारळ आले की मी तिला एक द्यायची. पहिला नारळ न फोडता तिने कोनाड्यात ठेवला होता, दिसायला बरा वाटतो म्हणून. तुम्ही हसलात. म्हणालात, अगं, तिला सांग आतलं खायचं असतं. मग ती मला करंजाच्या तेलाने अंग कसं चोळायचं ते शिकवून गेली. त्या परमुलखात माझी म्हणावी अशी तीच एक होती.

मग मंदी आली. आगगाड्यांना माल मिळेना, माल नाही तर गाड्या कमी, गाड्या कमी तर कोळसा कमी. बाहेरच्या शेठांच्या खाणींतला कोळसा मातीमोल झाला. वरून हुकूम आला की नवी कामं बंद. दुसरी चानक अर्ध्यात आली होती. तिच्या तोंडावर फळ्या टाकल्या, रहाट दुसरीकडे नेला. पावसाळ्यात तिच्यात पाणी साठलं आणि बेडूक ओरडू लागले. तुम्ही रविवारी तिकडे जाणं सोडलंत.

एवढ्यावर भागलं असतं तर चाललं असतं. पण कोळसा स्वस्तात काढा असाही हुकूम होता. खाणीत छत धरायला कोळशाचेच जाड खांब सोडलेले असतात. नव्या वाटा काढायला पैसा लागतो, खांब तासायला लागत नाही. म्हणून खांब तासायला सुरुवात झाली आणि मागच्या पोकळीत भरायची वाळू आलीच नाही, कारण वाळू वाहून आणायची मंजुरी नव्हती. तुम्ही नकाशे घेऊन मॅनेजर साहेबाकडे जात होतात, साहेब वर लिहीत होता, वरून उत्तर यायचं, पुढल्या अंदाजपत्रकात बघू. तुम्ही घरी येऊन तेच मला सांगायचात: पुढल्या वर्षी.

त्या दिवसांत आपण किती भांडलो. मी म्हणायची, शेठ वागला असता तसंच हे वागतायत, मग पेढे कशाचे वाटलेत? तुम्ही चिडायचात, ताट सरकवायचात, पुन्हा ओढून घ्यायचात. एकदा मात्र अगदी शांतपणे म्हणालात, “सरकारचं चुकतंय. पण खाण सरकारची असणं चुकीचं नाही. आपल्या सगळ्यांची आहे ती.”

“आपली असती तर आपल्याला विचारलं असतं,” मी म्हटलं.

तुम्ही ताटावरून उठलात आणि हात धुवायला गेलात. पुढे कितीदा वाटलं, तुम्हाला तेव्हा काय म्हणायचं होतं ते विचारावं. राहून गेलं.

त्याच सुमारास आणखी एक सरकारी नियम लागू झाला. बायकांनी जमिनीखाली काम करायचं नाही, दर वर्षी थोड्या थोड्या करून सगळ्यांना वर काढायचं. तुम्हाला त्याचा अभिमान वाटला. बुधनीची पाळी आली तेव्हा ती आपल्या पायरीवर बसून सरकारला शिव्या देत होती. एकाच्या मजुरीत घर कसं चालायचं? तुम्ही तिला सांगत होतात की खाली हवा वाईट आहे, धोका आहे, तुझ्या भल्याचं आहे. तिने विचारलं, धोका आहे तर मंगलला का नाही काढत? ती वर कोळसा निवडायच्या कामाला लागली. तिथे मजुरी कमी होती.

त्या दिवशी सकाळी उन्हं चांगली वर आली होती. मी खोबरं किसत होते. फडताळातली भांडी आपोआप वाजली, मग जमिनीतून एक धक्का आला, आणि मग भोंगा. तुम्ही कचेरीत होतात, हे मला ठाऊक होतं, तरी मी धावले. चानकीच्या तोंडाशी सगळ्या चाळींतल्या बायका उभ्या होत्या आणि कुणी रडत नव्हतं. सगळ्या डोलीच्या दोराकडे बघत होत्या. दोर हलला की पुढे सरायच्या. बुधनी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या हातात कोळशाचा खडा होता, निवडता निवडता तसाच राहिलेला.

तासलेल्या खांबांच्या भागात छत बसलं होतं. डोलीकडे यायची वाट बुजली होती आणि माणसं पलीकडे अडकली होती. त्याच बाजूला वर, गवतात, फळ्या टाकलेली दुसरी चानक होती. ती पुरी झाली असती तर ती माणसं तिच्यातून वर आली असती. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. नकाशा मला वाचता येत होता, तुम्हीच शिकवला होतात.

तुम्ही खाली गेलात. सर्व्हेअरने जायचं कारण नव्हतं, पण जुन्या वाटा तुमच्याइतक्या कुणाला माहीत नव्हत्या. वर आलात, थोडी हवा घेतलीत, पुन्हा गेलात. आतली हवा विषारी होती, तुमच्याबरोबरची माणसं चक्कर येऊन पडत होती, त्यांना वर पाठवून तुम्ही मागे राहत होतात. शेवटी तुम्हालाच उचलून आणलं. ओठ निळे पडले होते. मी तुमचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि बुधनी समोर उभी होती. ती म्हणाली, “तेरा मरद तो ऊपर आ गया.” तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मंगल आणि त्याच्याबरोबरचे कुणीच वर आले नाहीत.

तुम्ही खाली काय ऐकलंत ते मला फार उशिरा कळलं, इकडे आल्यावर. वाडीत शिंपणं चाललं होतं, तुम्ही आडव्या पडलेल्या पोफळीवर बसला होतात आणि दम लागला म्हणून मी पाठ चोळत होते. तुम्ही एकदम म्हणालात, “आतून ठोकत होते गं. आम्ही ठोकलं की तेही ठोकायचे. मग आम्ही ठोकत राहिलो.” एवढं बोलून तुम्ही उठलात आणि पाटाचं पाणी दुसऱ्या अळ्यात वळवायला गेलात. मी त्यानंतर तो विषय काढला नाही आणि तुम्हीही नाही.

चौकशी बसायच्या आदल्या दिवशी मॅनेजर साहेब आपल्या घरी चहाला आला. यापूर्वी तो कधी आला नव्हता. त्याला वाईट माणूस म्हणणं माझ्याच्याने होणार नाही. पैशासाठी त्यानेही वर पुष्कळ डोकं आपटलं होतं. तो गेल्यावर तुम्ही मला त्याचं म्हणणं सांगितलंत. मजुरांनी जास्त मजुरीच्या लोभाने न सांगता खांब तासले, असं ठरवलं की सगळं मिटेल. उलट, सरकारने पैसा दिला नाही म्हणून माणसं मेली असं बाहेर आलं, तर शेठलोक हेच म्हणायला टपलेत की सरकारला खाणी चालवता येत नाहीत, विकून टाका आम्हाला. मग दुसरी चानक विसराच.

तुमच्या मर्मावरच त्याने बोट ठेवलं होतं. ज्या गोष्टीवर तुमचा एवढा विश्वास, ती राखायची तर खोटं बोलायला हवं होतं. संध्याकाळभर तुम्ही अंगणात येरझाऱ्या घालत होतात. दिवेलागणीला आत आलात आणि मला विचारलंत, “तू काय म्हणतेस?” एवढ्या संसारात नोकरीच्या बाबतीत तुम्ही मला एकदाच विचारलंत.

मी म्हटलं, “मंगल लोभी होता असं तुमच्या तोंडून निघालं तर मी बुधनीला पाणी कसं देऊ?”

तुम्ही मान हलवलीत. जेवलात. कुसुमला गोष्टही सांगितलीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चौकशीपुढे खरं ते सांगितलंत. खांब हुकमाने तासले. वाळू मागितली होती, आली नाही. दुसरी चानक अर्ध्यात थांबवली. निकाल लागला तो असा की अपघात टळण्यासारखा नव्हता आणि दोष कुणाचाच नव्हता. मजुरांवर लोभाचा डाग लागला नाही, एवढं मात्र तुमच्या बोलण्याने झालं. पुढे काही महिन्यांनी खर्चकपातीत काही जागा कमी झाल्या, त्यांत तुमची होती. काढलं असं कुणी म्हटलं नाही. राहा असंही कुणी म्हटलं नाही. तेव्हा मामांना काय सांगायचं होतं मी?

आगबोटीने आपण परत आलो. बोट लांब उभी राहिली आणि होडीतून किनाऱ्याला येताना तुम्हाला एवढा खोकला आला की नाखवा अब्दुलचाचांनी वल्ही थांबवली. त्यांनी तुम्हाला लहानपणापासून पाहिलेलं. म्हणाले, “हवा लागंल हितली, बरा होशील, व्हय.” तुम्ही हसून मान हलवलीत. हवा लागली नाही. सासूबाईंनी अडुळसा दिला, वैद्य झाले, मुंबईचा डॉक्टर झाला. पोफळीच्या गारव्यात सुद्धा तुम्हाला श्वास पुरत नव्हता. तरी अब्दुलचाचा वर्तमानपत्र घेऊन आले की तुम्ही उठून बसायचात आणि आगगाडीच्या अंदाजपत्रकाची बातमी आधी शोधायचात. चाचांना तुमच्या वादात गोडी वाटायची. ते म्हणायचे, ज्याची बोट त्यानंच तिची डागडुजी करावी, दुसरा कशाला करील? तुम्ही म्हणायचात, म्हणूनच तर बोट सगळ्यांची हवी. शेवटपर्यंत तुमचा विश्वास ढळला नाही. मला त्याचा राग यायचा. आता वाटतं, तो ढळला असता तर तुम्ही आणखी लवकर गेला असतात.

शेवटच्या महिन्यात तुमचं बोलणं अगदी कमी झालं. पण एक गोष्ट तुम्ही पुन्हा पुन्हा म्हणायचात आणि ती ऐकवत नसे. चौकशीच्या दिवशी माझी छाती भरलेली होती, आवाजच फुटला नाही, म्हणायचात. टेबलापलीकडच्या तिघांना तरी ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यांनी लिहून घेतलं ते दोन ओळींचं. मी त्या माणसांची नावं घेतली, एकेकाचं घेतलं, ती कुणी लिहिली नाहीत. बोलून न बोलल्यासारखं झालं.

मी म्हणायची, उगीच मनाला लावून घेता. आणि तुमच्या पाठीमागे उशी सारखी करायची. आषाढात, दुपारी, पाऊस जरा थांबला होता तेव्हा तुम्ही गेलात. कुसुम शाळेत होती. मी एकटीच जवळ होते. तुम्ही माझं बोट धरलं होतं आणि मग धरलेलं नव्हतं, इतकंच.

तर आता सांगते. त्या दिवशी मी तिथे होते. चौकशी कचेरीत चालली होती आणि बाहेर मागच्या ओट्यावर, खिडकीखाली, बुधनी आणि मी बसलो होतो. घरच्या बाईने तिथे जाऊन बसणं तुम्हाला आवडलं नसतं, म्हणून मी बोलले नाही. पुढे तुमचं आजारपण आलं, मग हे घर, मग गावाची तोंडं. आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिले. तुम्ही एवढ्या लवकर जाल असं वाटलं नव्हतं.

तुमचा आवाज बारीक होता, खरं आहे. मध्ये दोनदा खोकल्याने थांबलात. पण तुम्ही इंग्रजीत बोलत होतात आणि मला त्यातलं समजत होतं तेवढं मी बुधनीला कानात सांगत होते. खांबाचं सांगितलं, वाळूचं सांगितलं. तिने मान हलवली, ते तिला आधीच ठाऊक होतं. मग तुम्ही नावं घ्यायला लागलात. त्याला भाषा लागत नव्हती. तिने माझा हात घट्ट धरला. मंगलचं नाव आलं आणि ती ओट्यावरून खाली जमिनीवर बसली, कपाळ ओट्याला टेकलं, आणि अपघातानंतर पहिल्यांदा रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. आत तुम्ही पुढची नावं घेत होतात.

ती सगळी नावं आम्हाला बाहेर ऐकू आली. एकही राहिलं नव्हतं.